डॉ. रुस्तम वकील आणि सर्पगंधा

पावसाळ्याच्या दिवसांत कोकणातील ओलसर, सावलीच्या रानांतून हिंडताना कधी कधी एक लहानसे झुडूप दृष्टीस पडते. त्याची उंची जेमतेम गुडघ्याइतकी असते. पाने तीन-तीनांच्या झुबक्याने खोडाभोवती उगवतात. फुले पांढरी, परंतु त्यांचे देठ तांबडेलाल. आणि पिकलेली फळे काळसर जांभळी. हे झुडूप उपटून पाहिले, तर जमिनीत सापासारखे नागमोडी वळलेले एक लांब मूळ सापडते. त्याची चव अतिशय कडू असते. या वनस्पतीचे नाव सर्पगंधा. कोकणात कोठे कोठे तिला अडकई असेही म्हणतात.

पनवेल, ओवे, पेण या बाजूच्या गावांत झाडपाल्याची औषधे जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. अशा जाणत्या माणसांच्या तोंडून सर्पगंधेविषयी अनेक कथा ऐकू येतात. मुंगूस नागाशी झुंजण्यापूर्वी हिचा पाला खाऊन येते, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कथा. ती खरी मानण्यास काही आधार नाही. परंतु या मुळीला भारतात सर्वत्र मान होता, एवढे तिच्यावरून दिसते. सर्पदंशावर, तापावर, निद्रानाशावर ती देत असत. बिहारमध्ये तर वेड्यांचे औषध म्हणूनच ती बाजारात विकली जाई. आयुर्वेदातही तिला स्थान होते. युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी तिच्या प्रजातीला राऊवोल्फ नावाच्या एका जर्मन वैद्याचे नाव दिले. नाव मिळाले, तथापि तिच्या गुणांची पारख मात्र पुढे दोनशे वर्षे कोणी केली नाही.

अशी ही उपेक्षित मुळी आधुनिक वैद्यकाच्या दरबारात ज्यांनी सन्मानाने नेली, आणि त्यायोगे मानवी मेंदूच्या एका मोठ्या रहस्याचे दार नकळत उघडले, ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील होत. त्यांचे आडनाव वकील, व्यवसाय वैद्याचा. परंतु एका अर्थी त्यांनी आडनाव सार्थ केले. त्यांनी सर्पगंधेची वकिली केली. आणि ती वाक्चातुर्याने केली नाही, पुराव्याने केली.

रुस्तम वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले. त्या काळी लंडन हे वैद्यकविद्येचे जगातील एक प्रमुख पीठ होते. तेथे त्यांनी उत्तम यश संपादन केले आणि लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळविली. हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांचा त्यांनी विशेष अभ्यास केला. विलायतेत राहून नाव व धन मिळविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तथापि १९३८ च्या सुमारास ते मायदेशी परतले आणि मुंबई हेच त्यांनी आपले कार्यक्षेत्र केले.

मुंबईत परळ भागात किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय आहे. सर्वजण त्याला के. ई. एम. या नावाने ओळखतात. त्या काळी मोठ्या सरकारी रुग्णालयांत भारतीय डॉक्टरांना मानाची पदे मिळणे अतिशय दुर्घट होते. म्हणून आपल्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या संस्थेत भारतीय डॉक्टरांचीच नेमणूक व्हावी, असा दात्यांनी आग्रह धरला. त्यातून शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले हे रुग्णालय उभे राहिले. १९२६ साली रुग्णालय सुरू झाले. परळचा हा परिसर गिरणगावाचा. कामगार, हमाल, फेरीवाले, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली गोरगरीब माणसे येथे उपचारासाठी येत. डॉ. वकील यांनी याच रुग्णालयात रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन केले.

हृदयाच्या वैद्याला त्या काळी ज्या एका विकारापुढे हात टेकावे लागत, तो म्हणजे वाढलेला रक्तदाब. हृदय रक्त ढकलते, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर त्याचा दाब पडतो. हा दाब प्रमाणात असणे शरीरास आवश्यक असते. परंतु तो वर्षानुवर्षे प्रमाणाबाहेर राहिला, तर हृदय थकते, मूत्रपिंडे बिघडतात, आणि कधी मेंदूतील एखादी रक्तवाहिनी फुटून माणूस क्षणात कोसळतो. या विकाराचे वैशिष्ट्य असे, की पुष्कळ वेळा रोग्याला काहीच त्रास जाणवत नाही. घरात चोर शिरावा आणि घरधन्याला पत्ताही नसावा, तसा हा प्रकार. शिवाय बहुतेक रुग्णांत दाब का वाढतो, याचे निश्चित एक कारणही सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विकारावर खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती घ्यावी, मीठ सोडावे, बेताने खावे, एवढाच सल्ला डॉक्टर देत. काही ठिकाणी मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया करीत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे त्या काळच्या जगातील अत्यंत बलाढ्य पुरुषांपैकी एक. त्यांच्या दिमतीला उत्तमोत्तम डॉक्टर होते. तरीही अतिशय वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचा अंत झाला. राष्ट्राध्यक्षाची ही कथा, तर परळच्या गिरणीत राबणाऱ्या कामगाराला कोण वाचविणार?

या पार्श्वभूमीवर सर्पगंधेचा विचार केला पाहिजे. डॉ. वकील यांच्यापूर्वीही काही भारतीयांनी या मुळीकडे लक्ष दिले होते. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी वेड आणि रक्तदाबवाढ या दोन्हींवर तिचा गुण येतो, असे लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनी या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतल्या एका द्रव्याला त्यांनी अजमलीन असे नाव दिले. ही कामगिरी मोलाची होती. पण ती देशाबाहेर फारशी पोहोचली नाही. जुन्या विद्येतील गोष्ट म्हणून एक पक्ष ती डोळे झाकून खरी मानीत होता, तर दुसरा पक्ष त्याच कारणासाठी ती खोटी समजत होता. तिची कसून परीक्षा करून जगापुढे ठेवण्याचे काम शिल्लक होते.

डॉ. वकील यांनी हे तिसरे काम अंगावर घेतले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रक्तदाबाच्या औषधाची परीक्षा दिसते तितकी सोपी नसते. माणूस घाबरला की त्याचा दाब वाढतो आणि निवांत पडून राहिला की उतरतो. सकाळचा आकडा संध्याकाळी राहत नाही. रुग्णालयात येऊन खाटेवर विसावा मिळाला, एवढ्यानेही कित्येकांचा दाब काहीसा कमी होतो. अशा वेळी दाब उतरला तो औषधाने की विश्रांतीने, हे ठरविणे कठीण. उतावळा माणूस सर्व श्रेय औषधाला देऊन मोकळा होतो. सत्याची चाड असलेला माणूस मात्र पुन्हा पुन्हा मोजतो, लिहून ठेवतो, तुलना करतो आणि मगच बोलतो.

डॉ. वकील यांचा मार्ग दुसरा होता. मायदेशी परतल्यानंतरच्या वर्षांत त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्या रुग्णांना देऊन तिच्या गुणदोषांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. मग रक्तदाबवाढीच्या ५० रुग्णांची त्यांनी पद्धतशीर चिकित्सा केली आणि औषधापूर्वीच्या व औषधानंतरच्या रक्तदाबाच्या नोंदी तपासल्या. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरल्याचे त्यांना आढळले. मुळीचा परिणाम हळूहळू होई, आणि औषध थांबविल्यावरही तो काही काळ टिके. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या लंडनच्या नामांकित नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तो अवघ्या काही पानांचा होता. त्यात सर्पगंधेची आरती नव्हती, आकडे होते. त्या आकड्यांनीच जगाचे लक्ष वेधून घेतले.

तो निबंध अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला. त्यांनी भारतातून ते औषध मागविले आणि आपल्या रुग्णांवर त्याची परीक्षा केली. डॉ. वकील यांचा निष्कर्ष तेथेही खरा ठरला. ज्ञानाच्या क्षेत्रात हीच खरी कसोटी होय. एकाने मुंबईत पाहिले ते दुसऱ्याला बॉस्टनमध्येही दिसले पाहिजे. विल्किन्स यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. औषध घेणाऱ्यांचा रक्तदाब तर उतरेच, परंतु त्यांचे मनही शांत होई. अफू किंवा इतर गुंगीच्या औषधांनी माणूस जसा झापड आल्यासारखा पडून राहतो, तसा हा प्रकार नव्हता. माणूस जागा असे, बोलत-चालत असे. फक्त त्याची तगमग निवळलेली असे. बिहारच्या बाजारात ज्यासाठी ही मुळी विकली जात होती, त्याच गुणाची प्रचीती आता शास्त्रज्ञांना येऊ लागली.

याच सुमारास, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी रसायनज्ञांनी मुळीतील मुख्य प्रभावी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला रेसर्पिन हे नाव मिळाले. आता मुळीचे चूर्ण तोलून देण्याऐवजी अचूक मात्रेचे औषध हाती आले. लगेच न्यूयॉर्क राज्यातील रॉकलँड येथील मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी शेकडो मनोरुग्णांवर त्याचा प्रयोग केला आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळच्या मनोरुग्णालयांची अवस्था आठवली म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. ज्या रुग्णांना आवरता येत नसे, त्यांना पुष्कळदा बांधून किंवा कोंडून ठेवीत. अशा कित्येक रुग्णांना रेसर्पिनने आणि त्याच काळात फ्रान्समध्ये निघालेल्या क्लोरप्रोमाझीन या दुसऱ्या औषधाने शांत केले. कोंडलेली माणसे उठून अंगणात येऊन बसू लागली. मनाच्या आजारावर असे गुणकारी औषध असू शकते, ही कल्पना पाश्चात्य वैद्यकाला नवी होती.

परंतु एक प्रश्न कोणालाही स्वस्थ बसू देईना. एका झाडाच्या मुळीतील कणभर द्रव्य माणसाच्या मनाला शांत करते ते कसे? त्या द्रव्याचा मेंदूशी संबंध काय?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी मेंदूची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. चेतापेशीतून संदेश जातो तो विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपाने. परंतु एक चेतापेशी दुसऱ्या पेशीला चिकटलेली नसते. बहुतेक ठिकाणी त्यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद फट असते. विजेची लहर त्या फटीपर्यंत येऊन थांबते. मग संदेश पलीकडे जातो कसा?

ओव्याच्या बाजूने मुंबईला जाणारा आजचा प्रवासी ठाण्याच्या खाडीवरील वाशीच्या पुलावरून जातो. परंतु हा पूल १९७३ साली झाला. त्यापूर्वी तेथे खाडी ओलांडायची, तर होडीत किंवा लाँचमध्ये बसावे लागे. चेतापेशींमधील फटही अशीच बिनपुलाची खाडी होय. पेशीच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत रसायने भरून ठेवलेली असतात. विजेची लहर आली की त्या पिशव्या फुटतात, रसायन फटीत उतरते, पलीकडच्या तीरावर पोहोचते आणि तेथील पेशीला संदेश देते. ही रसायने म्हणजे खाडीतल्या होड्याच. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली ऑस्ट्रियात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतू रसायनाच्या द्वारे काम करतात, हे प्रथम सिद्ध केले होते. परंतु मेंदूच्या आतही असेच घडते, हे मानण्यास पुढे तीस वर्षे पुष्कळ शास्त्रज्ञ तयार नव्हते. मेंदूत केवळ विजेचा व्यवहार चालतो, असा त्यांचा समज होता.

हा समज दूर करण्यास सर्पगंधेच्या मुळीने मोठे साहाय्य केले. १९५३ साली मेंदूत सेरोटोनिन नावाचे रसायन सापडले. १९५५ साली अमेरिकेत बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत असे दिसून आले, की प्राण्याला रेसर्पिन दिले असता त्याच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा जवळजवळ संपून जातो. पुढे स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामीन या रसायनांचीही तीच गत होते. याचे कारण पुढे उलगडले. मघाच्या पिशव्यांत रसायन भरण्याचे जे द्वार असते, ते रेसर्पिन बंद करते. पिशवीत शिरू न शकलेले रसायन पेशीतच नष्ट होऊन जाते. होड्याच उरल्या नाहीत, तर खाडी ओलांडणार कोण? हृदय व रक्तवाहिन्यांना ताण देणाऱ्या चेतांचे संदेश मंदावतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूतील काही संदेशही मंदावतात आणि मन शांत होते. परळला दिसलेला परिणाम आणि बिहारमधील जुनी समजूत, या दोन्हींचे मूळ एकच निघाले.

१९५७ साली कार्लसन यांनी केलेला प्रयोग तर विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून, हालचाल न करता निश्चल बसून राहिले. मग कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. शरीरात या द्रव्यापासून डोपामीन तयार होते. थोड्याच वेळात ससे सावध झाले आणि पुन्हा हिंडू-फिरू लागले. हालचालीचा आणि डोपामीनचा संबंध असा उघड झाला. १९६० साली व्हिएन्ना शहरी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात डोपामीनची मोठी उणीव आढळली. आणि पुढच्याच वर्षी कंपवाताच्या रुग्णांना एल-डोपा देण्यास आरंभ झाला. हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, अशा असंख्य रुग्णांना त्यामुळे दिलासा मिळाला. मौजेची गोष्ट अशी, की हे एल-डोपा आपल्या कोकणातील कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत निसर्गतःच असते. मद्रासच्या रसायनज्ञांनी १९३७ सालीच ते त्या बियांतून वेगळे काढले होते. एक रानवनस्पती मेंदूतील भांडार रिकामे करते आणि दुसरी ते भरून काढण्यास साहाय्य करते, असा हा निसर्गाचा खेळ आहे. कार्लसन यांना या संशोधनाबद्दल २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपणांस ठाऊक आहे, की मेंदूत अशी अनेक रसायने आहेत. काही चेतापेशींना चालना देतात, काही त्यांना आवर घालतात. आणि डोपामीन, सेरोटोनिन यांसारखी काही रसायने पेशींचा सूर कमी-अधिक करीत राहतात. झोप, भूक, हालचाल, भीती, आनंद या सर्वांत त्यांचा वाटा असतो. त्यांतले कोणतेही एक चांगले आणि दुसरे वाईट असे नसते. त्यांचा समतोल हेच आरोग्य होय. वीणेची तार अती ताणली तर तुटते आणि सैल सोडली तर बोलत नाही, तसेच हे आहे.

हा समतोल ढळला म्हणजे काय होते, याचा धडाही सर्पगंधेनेच दिला. रेसर्पिन घेणाऱ्यांचे नाक चोंदे, अंगात सुस्ती येई. आणि काही रुग्णांच्या, विशेषतः मोठी मात्रा घेणाऱ्यांच्या, मनाला खोल उदासीनता ग्रासू लागली. जे औषध तगमग शमविते, तेच मनातील उभारीही हिरावून घेऊ शकते, हे ध्यानात आले. त्यावरून उदासीनतेचा विकारही मेंदूतील रसायनांशी निगडित असावा, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला आणि त्या दिशेने नवी औषधे शोधली. मनाचे दुःख केवळ एका रसायनाच्या उणिवेने उत्पन्न होते, इतके ते सोपे नाही, असे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे. तथापि विचाराला दिशा मिळाली ती तेथूनच. अधिक सुरक्षित औषधे निघाली, तसतसा रेसर्पिनचा वापर मागे पडला. म्हणून रानात दिसलेली मुळी उपटून कोणीही आपल्या मताने खाऊ नये. ज्या मुळीत औषधाचे सामर्थ्य आहे, तिच्यात अपायाचेही सामर्थ्य असते.

१९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मानसिक व रक्तदाबाच्या विकारांवरील नव्या औषधांच्या संशोधकांना देण्यात आले. त्यांत क्लाइन, लाबोरी, डेनिकर, लेमन आणि नोस या पाश्चात्य शास्त्रज्ञांच्या पंक्तीला मुंबईचे डॉ. रुस्तम वकील होते. रक्तदाबवाढीवर सर्पगंधेचा पद्धतशीर अभ्यास केल्याबद्दल त्यांचा हा गौरव झाला. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला, आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकही त्यांना मिळाले.

या मानसन्मानाने त्यांचा कार्यक्रम बदलला नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यासह रुग्णतपासणीवर पुस्तक लिहिले आणि भारतीय डॉक्टरांच्या साहाय्याने वैद्यकाचा एक मोठा पाठ्यग्रंथ संपादित केला. विलायती ग्रंथांत तेथील रोगांचेच वर्णन अधिक असे; आपल्या देशातील रोग आपल्याच वैद्यांनी लिहिलेल्या ग्रंथातून विद्यार्थ्यांना शिकता यावेत, याचे महत्त्व त्यांनी जाणले होते. वैद्यकाच्या इतिहासाची त्यांना गोडी होती आणि सामान्य वाचकांसाठीही त्यांनी त्यावर लेखन केले. १९७४ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आधुनिक भारतीय हृदयवैद्यकाचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

सर्पगंधेला मात्र कीर्ती महागात पडली. औषध मुळात असल्यामुळे ते मिळविण्यासाठी संपूर्ण झाडच उपटावे लागते. जगभरातून मागणी आली आणि रानेच्या राने खणून निघाली. शेवटी तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० साली बंधने घालावी लागली. ज्या वनस्पतीने मानवजातीवर एवढे उपकार केले, तिला रानात सुखाने वाढू देणे, एवढी कृतज्ञता तरी आपण दाखविली पाहिजे.

डॉ. वकील यांच्या चरित्रातून घेण्याजोगी गोष्ट कोणती? पूर्वजांचे ज्ञान त्यांच्यासमोर होते आणि पाश्चात्य विद्याही त्यांनी आत्मसात केली होती. जुने आहे म्हणून त्यांनी ते डोक्यावर घेतले नाही, की जुने आहे म्हणून पायदळी तुडविले नाही. त्यांनी ते तपासले. परळच्या रुग्णालयात एकेका गरीब रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून पारा किती चढला, किती उतरला, हे पाहताना आपण मेंदूच्या रहस्याच्या उंबरठ्यावर उभे आहोत, याची त्यांना कल्पनाही नसेल. त्यांनी आपल्या वाट्याचे काम प्रामाणिकपणे केले, आकडे खरे लिहिले आणि ते जगासमोर ठेवले. पुढचा मार्ग बॉस्टन, बाझल, बेथेस्डा, स्वीडन आणि व्हिएन्ना येथील माणसांनी चोखाळला. ज्ञानाची दिंडी अशीच चालते. तिच्यात कोणाच्या हाती पताका असते, कोणाच्या हाती वीणा. परंतु पाऊल प्रत्येकाने आपले आपण खरे टाकावे लागते.